ओल्ड क्वारीची उमेदवार

क्रॉयडन
१८ जानेवारी २०२६

प्रिय सुचेता,

तुझं पत्र मिळालं. सोबत तुझ्या लेकाने, नकुलने, छापून दिलेली त्या ज्येष्ठांच्या इमारतीची माहितीही मिळाली. प्रत्येक खोलीत संकटकाळी ओढायची लाल दोरी, खाली सगळ्यांचा मिळून एक लाउंज, आणि बुधवारी खुर्चीत बसून योगासनं. खुर्चीत बसण्याला आमच्या वेळी नुसतं बसणं म्हणायचे. फोटोतल्या सगळ्या म्हाताऱ्या दात दाखवून हसताहेत. इतकं हसण्यासारखं लीड्समध्ये काय आहे, हे तू तिथे एवढी वर्षं राहून मला कधी सांगितलं नाहीस.

तळमजल्यावरचा फ्लॅट मे अखेरपर्यंत माझ्यासाठी धरून ठेवायला नकुलने सांगितलंय, त्याबद्दल त्याचे आभार. पण खाली तू जे लिहिलंस ते मला झोंबलं. "वहिनी, दादाला जाऊन तीन वर्षं झाली. तुम्हाला ना मूल ना बाळ. आता तिथे तुमचं आहे तरी कोण?" फोनवर विचारलं असतंस तर तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. पण तुला फोनवर ऐकू येत नाही आणि अंगठ्याने टोचून लिहिलेलं मी वाचत नाही. तेव्हा आता सविस्तर वाच.

उल्हास गेल्यावर मी इथल्या पक्षाची सभासद झाले, ते काही तत्त्वासाठी नव्हे. लीफलेट टाकायला आलेल्या माणसाला मी दारात अडवून त्याच्या लीफलेटमधल्या चुका दाखवल्या. विमा कंपनीच्या तक्रार विभागात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या बाईला चूक दिसली की राहवत नाही. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "यू शुड जॉइन अस." तो कॉलिन, आमच्या शाखेचा अध्यक्ष. तेव्हापासून मी तीन रस्त्यांवर लीफलेट टाकते. महिन्याच्या पहिल्या शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये कॉफी मॉर्निंग असते, तळ्याकाठचा कचरा उचलायचा कार्यक्रम असतो, हिवाळ्यात क्विझ नाइट असते. मी दर वेळी बटाटेवडे करून नेते आणि शाखेच्या बातमीपत्रात दर वेळी छापून येतं, "नीनाज फेमस समोसाज". मी तीनदा दुरुस्ती पाठवली. चौथ्यांदा छापलं, "नीनाज फेमस राउंड समोसाज".

पण ही प्रस्तावना झाली. परवाच्या मीटिंगनंतर खुर्च्या एकावर एक रचताना कॉलिन माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "नीना, मेमध्ये कौन्सिलची निवडणूक आहे. ओल्ड क्वारी वॉर्डातून आमच्यातर्फे उभी राहशील का? तुला काहीही करावं लागणार नाही."

हे शेवटचं वाक्य तुला कळावं म्हणून सांगते. इंग्रज माणूस "काही करावं लागणार नाही" म्हणतो तेव्हा सगळं करावं लागतं. "काही घाई नाही" म्हणजे उद्या सकाळी हवं. "तुमच्या पत्राची आम्ही नोंद घेतली आहे" म्हणजे ते केराच्या टोपलीत गेलं. हेच शब्द मी पगार घेऊन लिहीत होते, मला नको शिकवूस. तेव्हा मीही त्यांच्याच रीतीने म्हणाले, "इट्स नो ट्रबल अॅट ऑल," आणि घरी येऊन कोट अंगावरून काढायच्या आधी ओल्ड क्वारीचा नकाशा शोधला. टेकडीपलीकडची वस्ती आहे ती. दोन बस बदलाव्या लागतात.

सुचेता, मी सत्तरीपार गेलेली बाई आहे. शाळेत आम्हाला सिस्टर बेनेडिक्टा विचारायच्या, "नीना, व्हाय मस्ट यू आर्ग्यू?" त्यांना आज हे कळायला हवं होतं. कोणीतरी मला, मी उल्हासची बायको म्हणून नव्हे, वडे आणते म्हणूनही नव्हे, उभी राहा म्हणालं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मे अखेरीला देईन. इथे माझं कोणी आहे की नाही ते तोवर कळेलच. कोणी नसेल तर तुझा फ्लॅट, तुझी लाल दोरी आणि मी.

नीना


लीड्स
२ फेब्रुवारी

ती. नीनावहिनी,

पत्र वाचून हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. कोणतं आधी ते सांगत नाही, नाहीतर त्यावर तुम्ही पुढचं पत्र भरून लिहाल.

मंडळाच्या हळदीकुंकवाला मी सगळ्यांना सांगून टाकलं की माझ्या वहिनी लंडनकडे निवडणूक लढवताहेत. देशपांडेबाईंच्या मुलाने नवीन घर घेतल्याचं त्या सांगत होत्या, ते तिथेच राहिलं. एकीने विचारलं, "पार्लमेंटात का?" मी म्हटलं, "सध्या कौन्सिलमध्ये." हे "सध्या" मी मुद्दाम म्हटलं. स्वराली म्हणते, "नीनाआजी मोठा माणूस झाला! टीव्हीवर येणार का तो?" तिचं मराठी असं. नात म्हणून मी दुरुस्त करत नाही, तुम्ही आल्यावर कराल.

लग्न होऊन तुम्ही आमच्या घरी आलात तेव्हा मी चौदा वर्षांची होते. तुम्ही वाढताना आईला "सॉरी" म्हणालात आणि आई म्हणाली, "ही आता आपल्याला सारी पंगत इंग्रजीत वाढणार." मी तेव्हा मैत्रिणींना सांगत असे की आमची कॉन्व्हेंटची वहिनी भांडते तीही पुस्तकातल्यासारखी. तुमच्यापुढे उभं राहायला दुसऱ्या उमेदवारांची छाती होणार नाही.

माझं सगळं छान चाललंय. सून म्हणून ऋजुता फार करते माझं. नकुलला कामातून वेळ नसतो पण लक्ष असतं. स्वराली आता मोठी झाली, परीक्षेचं वर्ष आहे, तिला स्वतःची खोली हवी असते. घर मोठं दिसतं पण आतून पुरत नाही. ही इकडची घरं अशीच.

त्या इमारतीत मी सहज एकदा जाऊन आले. लाउंजमध्ये ऊन येतं. तळमजल्याला मागे थोडी बाग आहे, तुम्हाला कोथिंबीर लावता येईल. मला वाटतं निवडणूक झाली की तुम्ही यावं. तुमच्याच भल्यासाठी म्हणते. निवडून आलात तर मात्र काय करायचं, ते मी ठरवलेलं नाही.

थंडीत टोपी घालून फिरा. टोपीने मतं कमी होणार नाहीत.

तुमची,
सुचेता


क्रॉयडन
१२ मार्च

प्रिय सुचेता,

हे पत्र मंडळात वाचून दाखवू नकोस. स्वरालीलाही नको.

मी फेब्रुवारीभर तयारी केली. ओल्ड क्वारीत चार वेळा जाऊन आले. कुठल्या इमारतीची लिफ्ट बंद आहे, कुठल्या बसथांब्याला बाक नाही, सगळं टिपून ठेवलं. फोटोसाठी ती निळी पैठणी काढली, इस्त्री केली, आणि अतिरेक वाटून परत ठेवली. मग कॉलिनकडे गेले आणि म्हणाले, "माझी लीफलेट्स कधी येणार?"

तो आधी हसला. मग माझ्याकडे बघून त्याचं हसू गेलं. म्हणाला, "नीना, ओल्ड क्वारीत आपण लीफलेट काढत नाही, लव्ह. तिथे आपण कधीच जिंकत नाही. तुझं नाव फक्त मतपत्रिकेवर हवं आहे. मी म्हणालो होतो ना, काही करावं लागणार नाही?"

पेपर कँडिडेट म्हणतात त्याला. सगळे पक्ष करतात. जिथे हरायचं नक्की असतं तिथे कोणाचं तरी नाव टाकून ठेवायचं, म्हणजे पक्ष सगळीकडे लढतोय असं दिसतं. त्या माणसाने घरी बसायचं, किंवा खरं तर जिथे जिंकायची आशा आहे तिथे जाऊन दुसऱ्याचं काम करायचं. आमच्या शाखेची आशा म्हणजे फेअरमीड वॉर्ड. कॉलिनच्या हातात फेअरमीडच्या लीफलेटचा गठ्ठा तयार होता. तो त्याने माझ्यापुढे केला.

सुचेता, सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा एका इंग्रज माणसाने जे मनात होतं तेच तोंडाने सांगितलं होतं. आणि मी, शहाणी, त्याचा सभ्यपणा समजून बसले.

मी म्हणाले, "मग ओल्ड क्वारीतल्या लोकांना मत मागायला कोण जातं?" तो म्हणाला, "कोणीच नाही. दे डोन्ट व्होट." मी म्हणाले, "ज्यांना कोणी विचारत नाही ते कशाला मत देतील? माझ्याही दारात तुम्ही कोणी कधी येत नाही." तो म्हणाला, "तू सभासद आहेस नीना. खात्रीच्या मताकडे आपण जात नाही." आणि हे त्याने अगदी प्रेमाने सांगितलं.

नाव मागे घ्यायला ९ एप्रिलपर्यंत मुदत आहे. रागाच्या भरात तो विचारही केला. मग दुसऱ्या दिवशी टपालकचेरीतून पांढरी कार्डं आणली आणि हाताने लिहायला बसले. नाव, एक ओळ तक्रार, एक ओळ काय करणार ते, आणि कायद्याने लागतो तो छापणाऱ्याचा पत्ता, म्हणजे माझाच. फेअरमीडचा गठ्ठा कॉलिनला परत केला. तेव्हापासून शाखेतून फोन आलेला नाही. परवाच्या क्विझ नाइटला बोलावणंही नव्हतं. वडे मी केले होते. एकटीने तीन दिवस खाल्ले.

ओल्ड क्वारीत मी दुपारी जाते. पक्षाचा नियम आहे: दारात दोन मिनिटं, आत जायचं नाही, चहा घ्यायचा नाही, हो-नाही-माहीत नाही एवढं विचारून पुढचं दार. मी तो पाळायचं ठरवलं होतं. दुसऱ्या मजल्यावर मिसेस डॉइल नावाच्या बाईंनी माझं कार्ड हातात घेतलं आणि चष्मा लावून म्हणाल्या, "हे अक्षर तुला नन्सनी शिकवलं. कुठल्या?" मी म्हटलं, पुण्यातल्या. त्या म्हणाल्या, "माझ्या आयर्लंडमधल्या, कॉर्कच्या. तुझ्या 'जी'ची शेपूट माझ्या बहिणीसारखी आहे. तीही छडी खाऊन तशी आली असणार. आत ये." त्यांचा चहा भयंकर होता. दोन कप घेतले. शेवटी मी मत मागायला विसरले आणि जिन्यातून परत वर गेले. त्या म्हणाल्या, "डार्लिंग, मी नव्वदच्या सालापासून मत दिलेलं नाही. पण तू पुढच्या मंगळवारी येऊन पुन्हा विचार."

असे आणखी दोघे-तिघे आहेत. एक गृहस्थ दार उघडत नाहीत, दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून बोलतात. त्यांच्याशी मी लादीवर बसून त्या बाक नसलेल्या बसथांब्याबद्दल अर्धा तास बोलले. उठताना गुडघ्याने माझी बाजू सोडली.

दिवस भरून जातो, घरी आले की दमून झोप येते. तक्रार नाही. तुला एवढंच सांगते, मी नाव मागे घेणार नाही.

नीना

ता. क. देशपांडेबाईंना सांग, सध्या कौन्सिलच.


लीड्स
३० मार्च

ती. नीनावहिनी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. कोणाला वाचून दाखवलं नाही, काळजी नसावी.

कॉलिनने केलं ते वाईटच. पण पत्रातलं पुढचं वाचून मला वाटलं, तुमचं बरं चाललंय. मिसेस डॉइल आहेत, त्यांचा मंगळवार आहे, फटीतून बोलणारे गृहस्थ आहेत. तुम्ही म्हणाला होतात, इथे माझं कोणी आहे की नाही ते मेपर्यंत कळेल. ते मार्चमध्येच कळलं. पत्राची चार पानं झाली, पण फ्लॅटचा त्यात एका शब्दाने उल्लेख नाही, आणि "सुचेता, तू कशी आहेस" हेही नाही. लहानपणापासून मला सवय आहे. तुम्ही आणि दादा बोलायला लागलात की मी ताटं उचलायची.

असं लिहायला नको होतं, पण लिहिलं. खोडत नाही. खोडलेलं तुम्हाला चालत नाही.

त्या फ्लॅटसाठी दुसऱ्या एक बाई आल्या होत्या. नकुल म्हणाला, किती दिवस धरून ठेवायचा? मी म्हटलं, दे त्यांना. तेव्हा आता तुम्ही मे अखेरची काळजी करू नका. निवडणूक मनासारखी लढा.

मी मजेत आहे.

सुचेता


क्रॉयडन
१० मे

प्रिय सुचेता,

सव्वा महिना उत्तर दिलं नाही. आधी रागाने, मग लाजेने. तू कशी आहेस? हे मी सगळ्यात आधी लिहिते आहे, आणि तुझ्या पत्रातलं "मजेत आहे" मला उत्तर म्हणून चालणार नाही.

गुरुवारी मतदान झालं. इकडे एक पद्धत आहे, तुमच्याकडेही असेल. मतदान केंद्राच्या बाहेर प्रत्येक पक्षाचा एक माणूस पक्षाचं फूल छातीला लावून खुर्ची टाकून बसतो आणि मत देऊन येणाऱ्याला त्याचा यादीतला नंबर विचारतो. टेलर म्हणतात त्याला. तासातासाने पक्षाचं कोणीतरी येऊन ते नंबर घेऊन जातं, म्हणजे आपल्यापैकी कोण अजून घरी बसलंय ते कळतं आणि त्याच्या दारी माणूस पाठवता येतो. उमेदवार स्वतः असा बसत नाही. मी बसले, कारण माझ्यातर्फे बसणारं दुसरं कोणी नव्हतं.

माझ्या शेजारी जिंकणाऱ्या पक्षाचे डेनिस नावाचे म्हातारे गृहस्थ होते. टेलरांमध्ये एक रीत आहे, पक्ष कुठलाही असो, एकमेकांचे सुटलेले नंबर द्यायचे. ते बाथरूमला गेले की शत्रुपक्षाचे नंबर मी प्रामाणिकपणे लिहून ठेवत होते. त्यांचे कागद न्यायला दर तासाला एक मुलगी सायकलवरून यायची. माझे कागद न्यायला कोणी येत नव्हतं, कारण ते घेऊन काही करणारं कोणी नव्हतं. तरी मी विचारत होते, "मे आय हॅव युअर नंबर, प्लीज?" आणि स्वच्छ अक्षरात लिहीत होते. दुपारपर्यंत माझ्या मांडीवर गठ्ठा झाला. डेनिसना ते दिसत होतं. त्यांनी थर्मास उघडला आणि झाकणात चहा ओतून माझ्यापुढे धरला. म्हणाले, "तुमच्यासारखी उमेदवार आम्हाला मिळाली असती तर बरं झालं असतं." मी म्हटलं, "तुम्ही मला कुठे उभं केलं असतंत?" ते विचार करून म्हणाले, "फेअरमीडला." बघ, शत्रूला कळतं.

मिसेस डॉइल काठी टेकत आल्या. मी नंबर विचारला तर मोठ्याने म्हणाल्या, "नंबर कशाला, मी तुलाच दिलं!" रांगेतले सगळे हसले. असं म्हणू नये केंद्राच्या दारात, पण मीही हसले. फटीतले गृहस्थ आले की नाही मला माहीत नाही. मी त्यांचा चेहरा पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्रीडाभवनात मोजणी. आमच्या शाखेची सगळी मंडळी फेअरमीडच्या टेबलाशी उभी होती, मान पुढे काढून. ओल्ड क्वारीच्या टेबलाशी माझ्या बाजूने मी. मला दोनशे सात मतं पडली. गेल्या वेळेच्या नावाला एकशे तीस होती. तिसरा नंबर, आणि तिसरी म्हणजे शेवटची. मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. मी वळून कॉलिनकडे बघितलं, त्याला सांगावं म्हणून. तेव्हाच तिकडे निकाल वाचला. फेअरमीड अकरा मतांनी गेलं.

कॉलिन मला काही म्हणाला नाही. बाकीचेही म्हणाले नाहीत. माझ्या बाजूने जाताना सगळे "वेल डन, नीना" म्हणाले आणि थांबले नाहीत. संध्याकाळी हेदरची, म्हणजे आमच्या सेक्रेटरीची, सगळ्यांना एकत्र मेल आली. "आणखी दोन पावलं फेअरमीडमध्ये पडली असती तर." माझं नाव नव्हतं. ती दोन पावलं माझी होती हे तिथल्या सगळ्यांना माहीत आहे.

त्या अकरा मतांचा मी खूप विचार केला. मी चुकले असं अजून वाटत नाही. पण जूनच्या कॉफी मॉर्निंगला जाण्याचा धीर होत नाही, आणि मला धीर होत नाही असं मी याआधी कधी लिहिलं असेल तर दाखव. आज रविवार. सकाळपासून मी कोणाशी बोललेली नाही. मघाशी दुधाच्या बाटलीवरची तारीख मोठ्याने वाचली, आवाज आहे का बघायला.

म्हणून विचारते. फ्लॅट गेला, ठीक. इथे उल्हासची स्टडी आणि मागची खोली, दोन्ही रिकाम्या आहेत. ऋजुता तुझं इतकं करते तर ती तुला थोडी सोडेलही. तू महिनाभर ये. नाहीतर कायमची ये. आपण भांडू. तुला ऐकू येत नसल्यामुळे मला जिंकायची संधी आहे.

नीना


लीड्स
१७ मे

ती. वहिनी,

तुम्ही धीर होत नाही असं लिहिलंत म्हणून मीही लिहिते.

मी फेब्रुवारीपासून घरी नाही. त्या इमारतीत आहे. तुम्हाला नकुलने माहिती पाठवली तेव्हा माझंही तिथे ठरत होतं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण मग तुम्ही माझी दया येऊन आला असतात, किंवा दया येऊनही आला नसतात. दोन्ही मला सोसलं नसतं.

मला कोणी जा म्हटलं नाही. हे नीट समजून घ्या, नाहीतर तुम्ही नकुलला फोन करून सोलून काढाल. स्वरालीचा अभ्यास हॉलमध्ये चालायचा, मी टीव्ही मोठ्याने लावायची, ऋजुता दोघींच्या मध्ये. एका रात्री जेवताना मीच म्हणाले, "माझी अडचण होते, मी जाते त्या इमारतीत." वहिनी, आपल्याकडे असं म्हणतात ते काय जाण्यासाठी म्हणतात का? आई आयुष्यभर "मी काशीला जाते" म्हणायची. बाबांनी कधी तिकीट काढलं नाही. मला वाटलं, नकुल म्हणेल, "काहीतरीच काय आई." तो म्हणाला, "आर यू शुअर?" मग मी शुअर म्हणाले. आता ताटावर बसून नाही कशी म्हणणार.

आणि तो फ्लॅट कोणाला दिलेला नाही. दुसऱ्या बाई वगैरे कोणी आल्या नव्हत्या. रागाने लिहिलं. तो माझ्या भिंतीपलीकडे आहे. रिकामाच आहे. संध्याकाळी मी त्या भिंतीकडे पाठ करून बसते.

तुमच्याकडे येण्याबद्दल. तुम्ही बोलावलंत, तेवढ्याने माझं पोट भरलं. पण मला येता येणार नाही. नकुल रविवारी येतो. चारला येतो, साडेचारला जातो. सगळ्यांना घेऊन नाही, एकटाच, स्वरालीला क्लासला सोडलं की मधल्या वेळात. मी चहा करते. त्याचं बरंच बोलणं मला ऐकू येत नाही, पण तो बोलतो तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघते. एक महिना मी इथे नसले तर त्याची सवय मोडेल. मुलगा चांगला आहे हो, पण सवय मोडली की माणूस चांगला असून उपयोग नसतो.

म्हणून नाही.

दोनशे सात ही काही थोडकी माणसं नाहीत. आमच्या इमारतीत माझ्या ओळखीची दोन आहेत.

सुचेता


क्रॉयडन
२० मे

प्रिय सुचेता,

नकुलला मी फोन केला. सोललं नाही, तू बजावलं होतंस ते पाळलं. फक्त विचारलं, तो फ्लॅट अजून आहे का. तो म्हणाला, "मामी, आर यू शुअर?" मी त्याला म्हटलं, "बाळा, ही सवय सोड. हा प्रश्न तू आयुष्यात पुन्हा कोणत्याही म्हातारीला विचारू नकोस." असं का म्हणाले ते त्याला कळलं असावं असं वाटतं, पण मी खात्री देत नाही.

पुढच्या आठवड्यात येऊन सही करते. घर विकायला दिलं आहे. एजंटाने वर्णनात चार चुका केल्या होत्या, त्या दुरुस्त केल्या.

काल मंगळवार होता, म्हणून ओल्ड क्वारीला गेले. मिसेस डॉइलना सांगितलं. त्यांनी माझा दुसरा कप भरला. मग म्हणाल्या, "मग आता मला मत कोण मागणार?" परतताना त्या गृहस्थांच्या फटीतून एक कार्ड आत टाकलं, मी जाते आहे असं लिहून. दाराशी थोडा वेळ थांबले, मग जिना उतरून बस धरली.

तुला निघता येत नाही, कारण तुझ्याकडे रविवारी कोणीतरी येतं. माझ्याकडे रविवारी कोणी येत नाही, इतर वारीही नाही. तेव्हा दोघींपैकी निघायला मोकळी मीच आहे. यात उपकार नाही आणि दयाही नाही. आता बस, भिंतीकडे तोंड करून.

चार ते साडेचार मी माझ्या खोलीत दार लावून राहीन. तो अर्धा तास तुझा.

नीना